१८८५ : सागाच्या हिशेबात गेलेलं राज्य

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुमच्याशी एका शेजारच्या देशाच्या एका सालाबद्दल बोलणार आहे. देश आहे ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, आणि साल १८८५. यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबसारख्या गावात राहणाऱ्या माणसाला ब्रह्मदेशाशी काय घेणं-देणं, असं तुमच्या मनात येईल. पण या सालाचं एक टोक मुंबईत आहे, दुसरं रत्नागिरीत आहे आणि मधला सगळा मामला सागाचा आहे. आणि साग म्हणजे काय, हे आम्हा यवतमाळकरांना कोणी समजावून सांगायला नको.

आमच्याकडे जुन्या घरांची दारं सागाची, खांब सागाचे, आडे आणि तुळयाही सागाच्या. ओंडका जंगलातून निघाला की त्यावर जंगलखात्याचा हातोडा बसतो, नंबर पडतो, वाहतुकीचा परवाना निघतो. तरीही सागाच्या मागे एक प्रश्न कायम फिरत असतो. तोडले किती आणि वहीत नोंदले किती? आमच्या गावात चहाच्या टपरीवरसुद्धा हा प्रश्न कुणालाही कळतो. ब्रह्मदेशात १८८५ साली नेमका हाच प्रश्न उभा राहिला, आणि वर्ष संपता संपता तिथली राजेशाही संपली. पगानच्या राजांपासून, म्हणजे अकराव्या शतकापासून चालत आलेली परंपरा एका वर्षात थांबली.

मी बी.ए.ला होतो तेव्हा तिसरं ब्रह्मी युद्ध आम्हाला दोन-तीन ओळींत शिकवलं गेलं. पहिलं युद्ध १८२४ ते १८२६, दुसरं १८५२, तिसरं १८८५. पेपरात सनावळी लिहायची आणि पुढे जायचं. पहिल्या युद्धात इंग्रजांनी आराकान आणि तेनासरीम घेतला, दुसऱ्यात रंगूनसह खालचा सगळा ब्रह्मदेश घेतला. राजाकडे उरला तो वरचा, डोंगराळ, समुद्रकिनारा नसलेला मुलूख. पण तो मुलूख सागानं भरलेला होता. मिंडान नावाच्या शहाण्या राजानं १८५७ साली तिथे मंडाले ही नवी राजधानी वसवली. त्यानं तारायंत्र आणलं, स्वतःच्या आगबोटी घेतल्या, नाणी पाडली आणि बौद्धांचं सगळं त्रिपिटक संगमरवरी शिळांवर कोरून घेतलं. त्या ७२९ शिळा आजही मंडालेत उभ्या आहेत.

मिंडान १८७८ साली वारला आणि त्याचा मुलगा थिबा गादीवर आला. वय वर्षं १९. दरबारातल्या कारस्थानांतून तो राजा झाला आणि पुढच्याच वर्षी राजघराण्यातल्या कित्येक भाऊबंदांची राजवाड्यात कत्तल झाली. थिबानं स्वतः हुकूम दिला, की सासू आणि राणी सुपयालत यांनी तो घडवून आणला, यावर इतिहासकारांचे वाद आहेत. पण त्याच्या राज्यात ते घडलं, हे खरं. मी हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकीगत ऐकताना थिबाबद्दल आपल्याला वाईट वाटणार आहे. वाटावंच. पण तो काही संत नव्हता. अन्याय फक्त सज्जनांवरच होतो असं नाही. दुर्बळ असला की दुर्जनावरही होतो आणि तोही अन्यायच असतो.

इंग्रज आणि ब्रह्मी दरबार यांच्यात एक भांडण आधीपासून होतं. ते होतं जोड्यांचं. राजासमोर जाताना जोडे बाहेर काढायचे आणि खाली बसायचं, ही तिथली रीत. आपल्याला यात वावगं काहीच वाटणार नाही. देवळात, दर्ग्यात, मशिदीत आपण जोडे बाहेरच काढतो, आणि खेड्यात कुणाच्या ओसरीवर चढतानाही काढतो. पण १८७६ सालापासून हिंदुस्थान सरकारनं ठरवलं, की आमचा वकील यापुढे जोडे काढणार नाही. राजानं रीत सोडली नाही आणि वकिलानं जोडे सोडले नाहीत. परिणाम असा झाला, की मंडालेत बसलेला इंग्रज वकील राजाला भेटूच शकेना. १८७९ साली तो वकीलही परत बोलावला गेला. म्हणजे भांडणाची वेळ आली तेव्हा समोरासमोर बसून बोलायला दोन्हीकडे माणूसच नव्हता.

आता त्या सालाकडे येऊ. १५ जानेवारी १८८५ रोजी पॅरिसमध्ये ब्रह्मदेश आणि फ्रान्स यांच्यात व्यापारी करार झाला. थिबाच्या दरबाराचा विचार साधा होता. एका बाजूला इंग्रज बसलाय, तर दुसऱ्या बाजूला फ्रेंचाला बसवू, म्हणजे दोघं एकमेकांवर नजर ठेवतील. फ्रेंच त्या वेळी व्हिएतनामात पाय पसरत होते. गावात एका सावकारानं गळा धरला की माणूस दुसऱ्या सावकाराच्या दाराशी जातो, तशातलाच हा प्रकार. पण मार्च संपता संपता व्हिएतनामच्या सीमेवर फ्रेंच फौजेनं माघार घेतली आणि पॅरिसमधलं जूल फेरी यांचं मंत्रिमंडळ कोसळलं. फ्रेंच वकील मंडालेत आला, बँकेच्या आणि रेल्वेच्या योजनांची बोलणी झाली, त्यांच्या बातम्या लंडनला पोचल्या. थिबाच्या हातात मदत पडली नाही, फक्त इंग्रजांचा संशय वाढला.

आणि मग ऑगस्ट महिन्यात सागाचं प्रकरण आलं.

'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' ही कंपनी १८६३ साली मुंबईत स्थापन झाली. वॉलेस नावाच्या स्कॉटिश बंधूंची ही कंपनी. निंग्यान भागातल्या राजाच्या जंगलातून साग काढायचा ठेका तिच्याकडे होता. त्या काळची सागाची पद्धत ऐकण्यासारखी आहे. ताजा साग पाण्यात टाकला तर बुडतो. म्हणून उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि बाहेरचं लाकूड कापून कडं काढायचं आणि झाड दोन-तीन वर्षं उभ्या उभ्याच वाळू द्यायचं. मग तोडायचं, हत्तींकडून ओढ्यापर्यंत ओढत न्यायचं आणि पावसाळ्यात पूर आला की पाण्यात सोडायचं. ओंडके वाहत वाहत इंग्रजांच्या हद्दीत जायचे. राजाच्या हद्दीत झाड वाळायचं, कंपनीच्या वहीत ते मोजलं जायचं आणि पैसा इंग्रजी मुलखात व्हायचा.

ब्रह्मी दरबाराचं म्हणणं असं, की कंपनीनं नेलेल्या ओंडक्यांपेक्षा फार कमी ओंडके हिशेबात दाखवले, बाकीच्यांची रक्कम बुडवली आणि राजाच्या अंमलदारांना लाच चारली. कंपनीचं म्हणणं, आमचे काही करार नगावर आहेत आणि काही ठोक रकमेचे आहेत, त्यामुळे तुमचा हिशेबच चुकीचा आहे. खरं कोण आणि खोटं कोण, यावर आजही एकमत नाही. पण दरबारानं खटला चालवला आणि कंपनीला जबर दंड केला. आकडा होता सुमारे २३ लाख रुपये. त्या काळचे २३ लाख, हे लक्षात घ्या.

रंगूनच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लवाद नेमा असं सुचवलं. दरबारानं नाही म्हटलं. आमच्या जंगलाचा, आमच्या हद्दीतला खटला आमच्या न्यायसभेनं चालवला, त्यात तिसऱ्याचं काय काम? कायद्याच्या भाषेत हे बरोबर होतं. पण कायद्याची भाषा ऐकून घ्यायला समोरचा आपल्या बरोबरीचा लागतो.

तिकडे रंगूनचे आणि लंडनचे व्यापारी ओरड करत होतेच. ब्रह्मदेशातून चीनच्या बाजारात उतरायचं त्यांचं जुनं स्वप्न. लंडनमध्ये भारतमंत्री होते लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल आणि निवडणूक तोंडावर आली होती. कलकत्त्याला व्हाइसरॉय होते लॉर्ड डफरिन. फ्रेंचांची भीती, व्यापाऱ्यांचा रेटा, निवडणुकीची घाई हे सगळं आधीपासून साठलेलं होतं. सागाचा खटला हे निमित्त झालं. गंजीला आग लावायला काडी एकच लागते, पण गंजी आधी रचलेली असावी लागते.

२२ ऑक्टोबरला थिबाला निर्वाणीचं पत्र गेलं. आमचा वकील मंडालेत ठेवून घ्या आणि अपमानकारक रीतीभाती न लादता त्याला भेट द्या. तो येईपर्यंत कंपनीवरची कारवाई थांबवा. परराष्ट्र व्यवहार यापुढे व्हाइसरॉयच्या सल्ल्यानं करा. भामोमार्गे चीनच्या व्यापाराला वाट द्या. उत्तराची मुदत १० नोव्हेंबर.

दरबारात दोन तट पडले. एकीकडे किनवुन मिंजी हा जुना मंत्री. हा विलायत पाहून आलेला माणूस, समेट करा म्हणणारा. दुसरीकडे ताइंगदा मिंजी आणि राणी, ते लढा म्हणणारे. उत्तर गेलं ते मधलंच. कंपनीनं अर्ज केला तर प्रकरणाचा पुन्हा विचार करू, वकिलाला येऊ देऊ, व्यापाराला मदत करू. पण परराष्ट्र धोरण तुमच्या सल्ल्यानं चालवायचं की नाही, हे फ्रान्स, इटली आणि इतर मित्रदेशांनी मिळून सांगावं. चार मागण्यांपैकी तीन बऱ्याच अंशी मान्य होत्या. नाकारली होती ती एकच, आणि ती मान्य केली असती तर राजा नावापुरताच उरला असता. उत्तर मुदतीच्या एक दिवस आधी पोचलं. पण फौज आधीच तयार झाली होती.

१४ नोव्हेंबरला सेनापती प्रेंडरगास्ट यांच्या बोटींनी हद्द ओलांडली. इरावती नदीतून व्यापारी कंपनीच्याच आगबोटींत बसून सैन्य वर निघालं. १७ तारखेला मिन्हलाचा किल्ला पडला. २७ तारखेला आवा शरण आलं. २८ तारखेला फौज मंडालेत. पंधरा दिवसांत खेळ खलास.

आणि श्रोते हो, इथे एक गोष्ट आपल्याला मान खाली घालून ऐकावी लागते. त्या सुमारे नऊ हजारांच्या फौजेत जवळजवळ सहा हजार शिपाई हिंदी होते. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली, पण आपलेच. पोटासाठी गेलेले. त्यांना ब्रह्मी माणसाचं काही वाकडं करायचं नव्हतं, आणि ब्रह्मी माणसानं त्यांचं काही बिघडवलं नव्हतं. ज्यांनी स्वतःचं राज्य गमावलेलं होतं, तेच दुसऱ्याचं घ्यायला गेले. गुलामीचा हा भाग आपण फारसा बोलत नाही. गुलाम माणूस फक्त सोसत नाही, त्याच्याकडून दुसऱ्याला गुलाम करायचं कामही करून घेतलं जातं.

२९ नोव्हेंबरला थिबा, सुपयालत आणि त्यांच्या लहान मुली यांना राजवाड्यातून बाहेर काढलं. सामान बांधायलाही पुरता वेळ मिळाला नाही. हत्ती नाही, पालखी नाही. साध्या बैलगाडीतून त्यांना नदीकाठी नेलं. दोन्ही बाजूंना माणसं गुडघे टेकून बसलेली, बायका रडत असलेल्या. ज्या राजाला त्यांनी आयुष्यात कधी नीट पाहिलं नव्हतं, तो त्यांना पहिल्यांदा आणि शेवटचा दिसला तो बैलगाडीत. काठाला उभ्या असलेल्या आगबोटीचं नाव होतं 'थूरिया'. ब्रह्मी भाषेत हा शब्द म्हणजे आपला सूर्य. सूर्य नावाच्या बोटीत बसून राजा काळोखात गेला.

राजवाड्याची लूट झाली. जुनी दफ्तरं आणि वंशावळ्या जळाल्या. 'नगा मौक' नावाचं प्रसिद्ध माणिक नाहीसं झालं. ते आपण सांभाळायला म्हणून एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती दिलं होतं, असं थिबा पुढे वर्षानुवर्षं सरकारला लिहीत राहिला. ते माणिक त्याला परत मिळालं नाही. १ जानेवारी १८८६ रोजी लॉर्ड डफरिन यांच्या हुकमानं वरचा ब्रह्मदेश राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात सामील झाला. १ जानेवारी हा थिबाचा वाढदिवस. त्या दिवशी तो २७ वर्षांचा झाला आणि मद्रासेत कैदी होता.

आणि त्या २३ लाखांचं काय झालं? दंड करणारी न्यायसभाच राहिली नाही, तर दंड कोण वसूल करणार?

आता त्याच सालातला, त्याच डिसेंबरातला आपल्याकडचा प्रसंग पाहा. २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात ७२ प्रतिनिधी जमले. ते काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. खरं तर ते पुण्यात व्हायचं होतं, पण पुण्यात पटकीची साथ आली म्हणून मुंबईला गेलं. आपण हे अधिवेशन शाळेपासून पाठ केलेलं असतं. पण तिथे जे मोजके ठराव झाले, त्यांतला एक ब्रह्मदेशाबद्दल होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. वरचा ब्रह्मदेश खालसा करणं आम्हाला मान्य नाही, असं त्या सभेनं म्हटलं. पुढे असंही म्हटलं, की सरकारनं तसं करायचं ठरवलंच, तर सगळा ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा ठेवावा.

यात निव्वळ उदारपणा होता असं मी म्हणणार नाही. खर्चाचं ओझं हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडणार, ही काळजी त्यात होतीच. तरीही विचार करा. एका कंपनीचं नाव 'बॉम्बे' नि 'बर्मा' असं जोडलेलं, तिच्या तक्रारीवरून राज्य बुडालेलं. आणि त्याच मुंबईत महिनाभरात काही माणसं उभी राहून म्हणतात, हे आमच्या नावानं करू नका. ठरावाचा उपयोग झाला नाही. पण तो झाला नसता, तर आज आपल्याला सांगायलाही काही उरलं नसतं. त्या ठरावाचा दुसरा भाग अखेर १९३७ साली खरा झाला आणि ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा केला गेला. १९४८ च्या ४ जानेवारीला तो देश स्वतंत्र झाला.

राजाचं पुढे काय झालं, ते कोकणातल्या श्रोत्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एप्रिल १८८६ मध्ये थिबाला रत्नागिरीला आणलं. आधी बंगल्यांत ठेवलं. मोठा राजवाडा तयार झाला तो १९१० साली, चोवीस वर्षांनंतर. तो आज 'थिबा पॅलेस' म्हणून लोक पाहायला जातात. समोर खाडी, पलीकडे समुद्र. ज्या राजाच्या मुलखाला समुद्र नव्हता, त्याला तीस वर्षं समुद्राकडे बघत बसावं लागलं. पेन्शन सरकार ठरवी, खर्चावर लक्ष सरकारी अंमलदार ठेवी. पैसे पुरले नाहीत की राजा जवळचे दागिने विकी, आणि गरजवंताच्या दागिन्याला बाजारात काय भाव येतो, ते आपण जाणतोच. डिसेंबर १९१६ मध्ये तो तिथेच वारला. मंडालेला जाऊ द्या, हे त्याचं मागणं शेवटपर्यंत मान्य झालं नाही. राणी सुपयालत १९१९ साली रंगूनला परतली आणि १९२५ साली वारली. मंडाले तिलाही पुन्हा दिसलं नाही.

या काळात एक विलक्षण अदलाबदल झाली. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षं मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात होते. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदी आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत कैदी, एकाच वेळी. 'गीतारहस्य' लिहिलं गेलं ते थिबाच्या नगरात. त्याच्याही आधी, १८५८ साली, दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर रंगूनला पाठवला गेला होता. तो स्वतः शायर, आणि कवितेशी नातं असलेल्या आम्हा लोकांना तो बादशहापेक्षा शायर म्हणूनच जवळचा. १८६२ साली तो तिथे वारला. त्याची कबर ओळखू येऊ नये अशीच ठेवली गेली, ती नेमकी सापडली १९९१ साली. एका सरकारनं दोन देशांचे राजे उचलले आणि एकमेकांच्या अंगणात नेऊन पुरले. माणूस उपटला की त्याची माणसं विसरतात, हा त्यामागचा हिशेब.

तो हिशेब मात्र चुकला, आणि तो चुकवला साध्या माणसांनी. थिबाच्या थोरल्या मुलीचं मन रत्नागिरीत राजवाड्याच्या मराठी रखवालदारावर जडलं. १९०६ साली त्यांना मुलगी झाली. तिचं नाव टू टू. राजाची ही नात पुढे रत्नागिरीतच नांदली. लग्न झालं, संसार झाला, पोरंबाळं झाली. ती मराठी बोलली आणि गरिबीत राहिली. गोवऱ्या थापून, कागदाची फुलं करून तिनं संसाराला हातभार लावला. २००० साली ती वारली. रत्नागिरीच्या शेजारणी-पाजारणींनी तिला आपल्यातलीच मानलं. ज्या देशाच्या शिपायांनी तिच्या आजोबाचं सिंहासन घेतलं, त्याच देशातल्या बायकांनी तिला उसनं पीठ-मीठ दिलं असेल, सुख-दुःखाला सोबत दिली असेल. ठरावांनी जे साधलं नाही, त्यातलं थोडंसं या शेजारधर्मानं साधलं, असं मला वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची हकीगत. आज तिचं काय?

पहिलं म्हणजे, आपण स्वतः या हिशेबातूनच गेलेलो आहोत. आमचं वऱ्हाड इंग्रजांकडे कसं गेलं? लढाई हरून नाही. निजामाच्या नावावर फौजेच्या खर्चाचं कर्ज चढवलं, आणि १८५३ साली त्या कर्जापोटी वऱ्हाड लिहून घेतलं. पुढे १९०२ साली ते वर्षाला २५ लाखांच्या बोलीवर कायमचं भाडेपट्ट्यानं घेतलं. शेतकऱ्याचं वावर सावकाराकडे जातं, अगदी तसं. वऱ्हाड कर्जाच्या वहीत गेलं आणि मंडाले सागाच्या वहीत गेलं. राज्यं तलवारीनं जातात असं आपल्याला शिकवलं जातं. तलवार शेवटी येते. आधी वही येते. वही कोण लिहितो, ती कोणत्या भाषेत आहे आणि वाद झाला तर निवाडा कोण करणार, या तीन प्रश्नांची उत्तरं ज्याच्या हातात, त्याच्या हातात पुढचं सगळं असतं. अंगठा उमटवणाऱ्या आमच्या आजे-पणज्यांना हे पुस्तक न वाचताच कळलेलं होतं.

दुसरं म्हणजे, तो देश आजही सुखात नाही. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन थिबाच्या समाधीपुढे उभे राहिले. राजाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, डिसेंबर २०१६ मध्ये, तिथले उपराष्ट्राध्यक्ष आणि सेनाप्रमुख आले. वंशजही आले, प्रार्थना झाल्या. आणि त्याच सेनाप्रमुखांनी, मिन आँग लाइंग यांनी, १ फेब्रुवारी २०२१ रोजी लोकांनी निवडलेलं सरकार उलथून सत्ता घेतली. म्हणजे परक्यांनी राजा नेला त्याचं दुःख करायचं आणि आपल्याच लोकांचा हक्क आपणच काढून घ्यायचा. त्यानंतर हजारो माणसं सीमा ओलांडून मिझोरममध्ये आली. मिझो लोकांनी त्यांना घरात घेतलं, चर्चमध्ये घेतलं, जेवू घातलं. रत्नागिरीच्या शेजारणींचंच काम ते मोठ्या प्रमाणावर करत आले आहेत.

श्रोते हो, एखाद्या देशाचं एक साल म्हणजे त्या देशाचंच असतं, असं नाही. ब्रह्मदेशाचं १८८५ मुंबईच्या कंपनीचं होतं, पॅरिसच्या मंत्रिमंडळाचं होतं, लंडनच्या निवडणुकीचं होतं, आपल्या सहा हजार शिपायांचं होतं, काँग्रेसच्या त्या ७२ प्रतिनिधींचं होतं आणि रत्नागिरीत २००० सालापर्यंत जगलेल्या एका म्हातारीचं होतं. बातम्यांत कुठल्या तरी दूरच्या देशाचं नाव येतं, आपण ऐकतो आणि सोडून देतो. सोडण्याआधी एवढं विचारावं, की यात हिशेब कोणाचा आहे, वही कोण लिहितंय आणि त्या फौजेत, त्या कंपनीत, त्या फायद्यात आपलं माणूस कुठे उभं आहे?

रत्नागिरीला गेलात तर थिबा पॅलेस जरूर पाहा. तिथलं सागाचं काम पाहताना ते लाकूड कुठून आलं असेल, हेही एकदा मनाशी विचारा. आणि मग चौकशी करून थिबाच्या समाधीकडेही जा. राजवाड्याकडे सगळेच जातात, समाधीकडे फार थोडे. एक नमस्कार, एक फातिहा, जे तुमच्या रीतीत बसेल ते करा. आणि जोडे मात्र बाहेर काढा. त्या माणसाचं आपल्याकडून एवढंच मागणं होतं.